चाकांवरचं वन रूम किचन

मोटरहोम म्हटलं की ऑफिसातल्या निम्म्या जनतेचे डोळे चमकतात. ना चेक-इन, ना चेक-आऊट, मनात येईल तिथे ब्रेक मारायचा, पडदा सरकवला की समोर बर्फाचा डोंगर! फोटो तसेच येतात, आमचेही आलेत. फोटोत दिसत नाहीत त्या गाडीखालच्या तीन टाक्या. आणि बॉस, अख्खी ट्रिप चालते ती या टाक्यांच्या तालावर.

२०२५ च्या जुलैत आम्ही चौघांनी कॅनडाच्या रॉकीजमध्ये ११ दिवस असा संसार केला. मी, नवरा आणि त्याचे आई-बाबा. कॅलगरीला गाडी ताब्यात घ्यायची, बॅन्फ, लेक लुईस, जॅस्पर करत डोंगर ओलांडायचे आणि व्हँकुव्हरला गाडी परत करायची. म्हणजे मुंबई-पुणेकरांच्या भाषेत घाट चढून समुद्रावर उतरायचं, फक्त मध्ये बाराशे-तेराशे किलोमीटर. गाडीचं भाडंच दिवसाला पंधरा-अठरा हजार रुपये पडलं. वर्षभराची सेव्हिंग आणि शिल्लक रजा, दोन्ही एकदम पणाला!

आमची गाडी २५ फुटी. ट्रकच्या चॅसीवर बांधलेली खोली म्हणा ना. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा एक बेड, मागे दुसरा, मध्ये तीन बर्नरची शेगडी, फ्रीज, आणि फोन बूथएवढ्या जागेत संडास-बाथरूम. चालवायला वेगळं लायसन्स लागत नाही. आपलं कारचं लायसन्स आणि सोबत आरटीओकडून काढलेलं इंटरनॅशनल परमिट चाललं. मात्र स्टिअरिंग डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजवीकडून, आणि वळताना मागचा लांबलचक भाग भलतीकडेच फिरतो. पहिला दिवस नवरोबा सत्तरच्या वर गेला नाही. मागे ताटल्या खडखडत होत्या आणि आई रामरक्षा म्हणत होत्या.

आता त्या टाक्या. एक चांगल्या पाण्याची, एक मोरीच्या पाण्याची आणि एक संडासाची. दर दोन-तीन दिवसांनी कॅम्पग्राऊंडच्या डम्प स्टेशनवर जाऊन जाड पाईप जोडायचा, आधी संडासाची टाकी सोडायची आणि मग मोरीची, म्हणजे साबणाचं पाणी पाईप धुऊन नेतं. हे काम बाबांनी स्वतःहून घेतलं. रबरी हातमोजे चढवून ते असे उतरायचे की जणू पालिकेचे वॉर्ड ऑफिसर राऊंडला निघालेत. बंबात गरम पाणी वीस-बावीस लिटर, त्यामुळे अंघोळ बादलीच्या हिशेबानेच. चाळीत वाढलेल्या माणसाला मोटरहोम अजिबात अवघड जात नाही, हा माझा ठाम शोध आहे. आम्ही दोघं कुरकुरत होतो. आई-बाबा तिसऱ्या दिवशी सेट.

बॅन्फ हे कॅनडाचं पहिलं नॅशनल पार्क, सुरुवात १८८५ ची. इथे पहिला धडा मिळतो तो स्वयंपाकाचा. कॅम्पग्राऊंडवर बाहेरच्या टेबलावर खाणं, भांडी, अगदी रिकामा कूलरही ठेवायचा नाही; वासाने अस्वल येतं आणि माणसाच्या खाण्याला चटावलेलं अस्वल बहुतेक वेळा जिवानिशी जातं. तुम्हाला दंड होतो तो वेगळाच. तेव्हा फोडणी आत. आईंनी आमटीच्या फोडणीत सुकी मिरची टाकली आणि धुराचा अलार्म असा केकाटला की शेजारच्या तंबूतलं जर्मन जोडपं धावत आलं. दोघं वाडगाभर आमटी पिऊन गेले. पुढचे सगळे दिवस एक्झॉस्ट फॅन फुल्ल, खिडक्या सताड उघड्या आणि मगच मोहरी.

बॅन्फपासून लेक लुईसकडे जाताना हायवेच्या दोन्ही बाजूंना कुंपण दिसतं आणि मध्येच डोक्यावरून झाडं लावलेला पूल जातो. तो प्राण्यांसाठी. या पार्कमध्ये असे सहा ओव्हरपास आणि ३८ अंडरपास आहेत. आपल्या समृद्धी महामार्गावरही वन्यजीवांसाठी असे पूल बांधलेत, हे बाबांनी लगेच सुनावलं. लेक लुईसबद्दल मी फार लिहीत नाही. तळं खरंच निळं-हिरवं आहे, आणि गर्दी खरंच दादर स्टेशन आहे. शेजारच्या मोरेन लेकच्या रस्त्यावर तर २०२३ पासून खासगी गाड्यांना बंदीच आहे. शटलचं बुकिंग नसेल तर घर चाकांवर असून उपयोग शून्य.

चीज झालं ते आईसफिल्ड्स पार्कवेवर. लेक लुईस ते जॅस्पर २३० किलोमीटर. मालवाहू ट्रकना बंदी, वेग ताशी ९०, आणि पेट्रोलपंप वाटेत एकच, सॅस्कॅचवान क्रॉसिंगला. बो लेक अगदी रस्त्याला लागून आहे. तिथे गाडी उभी केली, आईंनी आलं किसलं, आणि तळ्याच्या काठावर चौघांनी पातेलंभर चहा संपवला. टूर बसमधली मंडळी वीस मिनिटांत फोटो काढून पळाली. आम्ही दोन तास बसलो. हॉटेलवाल्याला हे सुख मिळत नाही. त्याला संध्याकाळच्या आत कुठेतरी पोचायचं असतं. आम्ही पोचलेलेच होतो. (इथे एक भ्रम दूर करते. नॅशनल पार्कमध्ये रस्त्याकडेला मुक्काम ठोकता येत नाही. रात्री कॅम्पग्राऊंडच हवं, आणि जुलै-ऑगस्टसाठीचं बुकिंग वर्षाच्या सुरुवातीलाच झोंबाझोंबी करून मिळवावं लागतं. तत्काळचं तिकीट काढणाऱ्यांना सराव असतोच.)

अथाबास्का ग्लेशियरसमोरचं कॅम्पग्राऊंड म्हणजे साधं पार्किंग. ना वीज, ना नळ. संध्याकाळी बसेस निघून गेल्या आणि दहा वाजले तरी उजेड होता. बर्फाकडे जाणाऱ्या वाटेवर सालांच्या पाट्या लावल्यात. त्या त्या वर्षी ग्लेशियरचं टोक कुठे होतं ते सांगणाऱ्या. गेल्या सव्वाशे वर्षांत हा ग्लेशियर दीड किलोमीटरहून जास्त मागे सरकलाय. १९८२ च्या पाटीशी बाबा थांबले.

‘‘याच वर्षी मी नोकरीला लागलो,’’ ते म्हणाले.

पुढे १९९२. ते माझ्या नवऱ्याचं जन्मवर्ष. त्याने पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, आणि मग आम्ही बर्फ कुठे आहे ते बघितलं. बराच लांब होता. परतताना नवरा मोबाईलवर हिशेब करत बसला. आमची गाडी लिटरला चार-साडेचार किलोमीटर देत होती, म्हणजे पूर्ण ट्रिपला तीनशेच्या आसपास लिटर पेट्रोल. ‘‘पुढच्या वेळी छोटी व्हॅन,’’ तो म्हणाला. आई म्हणाल्या, ‘‘अरे, मग आम्ही झोपायचं कुठे?’’ या प्रश्नाचं उत्तर अजून कोणाकडे नाही. रात्री ग्लेशियरवरून वारा सुटला आणि आमचं घर पाळण्यासारखं हलत राहिलं.

जॅस्परला पोचायच्या आधीच जंगल काळं पडायला लागतं. २०२४ च्या जुलैत इथे वणवा आला. २२ जुलैच्या रात्री गाव आणि पार्क मिळून सुमारे २५ हजार माणसांना बाहेर काढलं. त्यात टुरिस्टच जास्त होते, आमच्यासारखेच गाड्या घेऊन आलेले. दोन दिवसांनी आग गावात शिरली आणि जवळपास एक तृतीयांश इमारती गेल्या. आम्ही गेलो तेव्हा त्याला वर्ष होत होतं. एका गल्लीत घरं शाबूत, कुंड्यांना फुलं. पुढच्या गल्लीत नुसते सपाट प्लॉट. जळक्या खोडांच्या खाली मात्र फायरवीडची गुलाबी-जांभळी फुलं दाटली होती. आग गेलेल्या जमिनीवर हीच पहिली येतात. अशा ठिकाणी फिरायला यावं का, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. पण गाव पर्यटनावर जगतं, दुकानं उघडी होती, आणि बेकरीतल्या बाईंनी आमच्या चार सिनॅमन रोल्सबरोबर पाचवा तसाच दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही हायवे १६ ने पश्चिमेला निघालो. त्या रात्री लोकांना बाहेर काढलं तेही याच रस्त्याने, ब्रिटिश कोलंबियाकडे. दुसऱ्या वाटा बंद होत्या. दोनच लेन आहेत. अंधार, धूर, पुढे-मागे शेकडो गाड्या, आणि आपल्या गाडीत गॅसचं सिलिंडर. पहिला तासभर कोणी गाणी लावली नाहीत.

माऊंट रॉबसन दिसला तेव्हा आवाज परत आले. ३,९५४ मीटर, कॅनडाच्या रॉकीजमधलं सगळ्यात उंच शिखर, आणि आमच्या नशिबाने ढगांबाहेर. तिथून कॅम्लूप्स, मग कोकिहाला हायवेचे उतार. जागोजागी ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी रेताड पळवाटा काढल्यात. खालच्या गिअरमध्ये, खंडाळ्यातल्या ट्रकवाल्यांसारखे, शिस्तीत उतरलो.

आणि शहर आलं की मोटरहोमचा सगळा रुबाब उतरतो. अंडरग्राऊंड पार्किंगमध्ये ती उंचीमुळे शिरत नाही, रस्त्यावर दोन गाड्यांची जागा खाते, डाऊनटाऊनमध्ये लेन बदलायची म्हणजे घाम. आमचा उपाय सोपा होता. नॉर्थ व्हँकुव्हरच्या बाजूला गाडी लावून टाकली आणि सीबसने, म्हणजे तिथल्या प्रवासी फेरीने, बारा मिनिटांत पलीकडे. दोन दिवस स्टॅनली पार्क आणि शहर पायी आणि बसने पाहिलं. व्हँकुव्हर अप्रतिम आहे, पण त्यासाठी पंचवीस फुटी गाडीचं भाडं भरत राहणं वेडेपणाच. अकरापैकी नऊ दिवस गाडी डोंगरात ठेवा, शहरं त्याआधी किंवा त्यानंतर हॉटेलात करा. डोंगरातही कमी किलोमीटर, जास्त मुक्काम. जॅस्परला आणखी दोन रात्री मी आनंदाने दिल्या असत्या.

परत करायच्या सकाळी टाक्या रिकाम्या हव्यात, नाहीतर भरपूर पैसे कापतात. बाबांनी शेवटचे हातमोजे चढवले. आईंनी ओटा पुसला, शेगडी घासली, पडद्याच्या घड्यासुद्धा सारख्या केल्या. यार्डातला तपासणी करणारा मुलगा जालंधरचा निघाला. आत डोकावून त्याने वास घेतला आणि हसला.

‘‘आंटीजी, तडका?’’

‘‘मिरची नाही घातली रे आज,’’ आई मराठीतच म्हणाल्या, आणि उरलेल्या भाजणीची पिशवी त्याच्या हातात दिली.