डक्टमधली कबुतरं

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा सहाव्या मजल्यावरच्या काकू खोकून खोकून बेजार झाल्या होत्या. कोरडी ढास. आधी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झाल्या, मग चार पावलांतच धाप लागायला लागली. छातीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहिला आणि विचारलं, "घराजवळ कबुतरं आहेत?"

हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. वाळलेल्या विष्ठेतली, पिसांतली प्रथिनं श्वासावाटे आत जातात आणि काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते. वेळीच त्या धुळीपासून लांब गेलं तर ती उतरते. नाहीतर फुप्फुसं आतून कडक होत जातात आणि ते नुकसान भरून येत नाही.

काकूंच्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. डक्टचा दरवाजा उघडला तर खाली घोटाभर राखाडी थर. त्यात पिसं, काड्या, अंड्यांची टरफलं, वाळलेलं एक पिल्लू. पाइपच्या क्लॅम्पला हात लावला तर गंजाचा पापुद्राच हातात आला. दोन एसींच्या आउटडोअर युनिटच्या पातळ पट्ट्या पांढऱ्या पडून झडल्या होत्या. विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक अ‍ॅसिड. ओल मिळाली की ते धातू खायला लागतं.

सफाईवाले खराटे घेऊन, तोंडाला रुमाल बांधून आले. मी त्यांना दारातच थांबवलं. कोरडं झाडलं असतं तर सगळी धूळ बारा मजल्यांच्या खिडक्यांतून घरोघरी गेली असती. आधी नळीने पाणी मारून थर भिजू दिला, एन-९५ मास्क आणि हातमोजे दिले, मग फावड्याने गोणी भरल्या. वास असा, की डोळ्यांतून पाणी यावं.

गच्चीवर वेगळीच तऱ्हा. पावसाळी पाइपच्या तोंडाशी घरटं, त्यामुळे पाणी तुंबलेलं, आणि खालच्या फ्लॅटच्या छताला ओल. शेजारी ज्वारीचे दाणे. ते पाचव्या मजल्यावरच्या आजोबांचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कबुतरांना दाणे टाकणं थांबवायला महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली आणि जमावाने ती फाडली, तेव्हा आमच्या मीटिंगमध्येही तोच वाद पेटला. आजोबा म्हणाले, "मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढायचा?" मुका जीव खरा, पण पुण्य एकाच्या खात्यावर आणि खोकला दुसरीच्या छातीत, हा हिशेब मला काही पटेना.

शेवटी जाळी बसली. काकू मुलीकडे राहून परतल्या. ढास बरीच कमी आहे, औषधं चालू आहेत. बिलावरून मात्र रण माजलं. पहिल्या मजल्याचं म्हणणं, आमच्याकडे कबुतरं येतच नाहीत. आजोबांनी आपला वाटा सगळ्यांच्या आधी भरला आणि पावती घेताना हळूच विचारलं, "टाकीच्या मागे मूठभर टाकले तर चालतील ना?"

नाही म्हणालो. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटलो की ते मजल्यांचे आकडे वाचत राहतात.