आजी म्हणायची तसं

माझ्या सुनेची आजी लुईझियानाची. तिचं आडनाव जुन्या कागदांत कुठे डेग्र, तर कुठे डेगल. नातीच्या वंशावळीत आईकडची बाजू कोरी राहू नये म्हणून मी शोध घेऊ लागले आणि नोव्हा स्कॉशियातल्या ग्राँ-प्रेला पोचले.

तिथल्या अकाडियन, म्हणजे मूळच्या फ्रेंच, शेतकऱ्यांनी फंडीच्या उपसागराच्या अचाट भरतीला बांध घालून खाजणात शेती केली होती. बांधाच्या पोटात लाकडी पन्हळ, तिला झडप. ओहोटीला शेतातलं पाणी झडप लोटून बाहेर जातं. भरती आली की समुद्रच ती लावून टाकतो. वाचताना अलिबागकडची उघाडी डोळ्यांपुढे आली. खारी जमीन गोडी करायला किती पावसाळे जातात, हे खारपट्टीतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

फ्रेंचांविरुद्ध शस्त्र धरावं लागेल अशी ब्रिटिश राजनिष्ठेची बिनशर्त शपथ ते घेईनात. ५ सप्टेंबर १७५५ रोजी ४१८ पुरुष आणि मुलगे चर्चमध्ये बोलावले गेले. जमीन, गुरं सरकारजमा झाल्याचं कर्नल विन्स्लोने वाचून दाखवलं. पुढे त्यांना हद्दपार करायला जहाजं आली, मागे घरं जाळली.

त्याआधी, अकाडियन वस्तीच्या १६७१च्या शिरगणतीत पिंपं बनवणारा प्येर लानू वय सांगायलाच तयार नव्हता. मी ठणठणीत आहे, एवढाच त्याचा निरोप. स्वतःच्या दारात उभ्या माणसालाच असं म्हणता येतं. हद्दपारीनंतर व्हर्जिनियाने नाकारलेले, इंग्लंडमध्ये सात वर्षं अडकलेले अकाडियन पुढे फ्रान्सच्या बेल-ईल बेटावर वसले, अठ्ठ्याहत्तर कुटुंबं. गावच्या चर्चच्या वह्या हाताशी नाहीत, म्हणून १७६७मध्ये त्यांनी पाद्र्यांसमोर शपथेवर आपापलं कूळ सांगितलं: आजा कोण, आजी कोणाची, लग्न कुठे, इंग्लंडमध्ये कोण दगावलं. सगळं आठवणीतून! ती पानं वाचताना मला भरून आलं. बायकांची माहेरची नावंसुद्धा त्यांनी गाळली नाहीत.

ग्राँ-प्रेच्या काही वह्या मात्र निर्वासितांनीच लुईझियानाला नेल्या होत्या. आज त्या तिथल्या बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडे आहेत. १७८५मध्ये फ्रान्सहून सात जहाजं भरून सुमारे सोळाशे अकाडियन तिथेच गेले. त्यांत डेग्रही होते.

वंशावळीत नाव लिहिताना माझा हात थांबला. डेग्र की डेगल?

सून म्हणाली, “आई, आजी डेगल म्हणायची. तेच लिहा.”