पाहुण्या बोटीला जागा आहे का?

मुंबईत गाडीला पार्किंग मिळत नाही, हे काही नव्याने सांगायला नको. फोर्टात मीटिंग असली की आपण अर्धा तास आधी निघतो, तो ट्रॅफिकसाठी कमी आणि पार्किंगसाठी जास्त. पण हीच बोंब समुद्रातही आहे, असं कुणी सांगितलं तर? एवढा अथांग दर्या, आणि त्यात एका बोटीला उभं राहायला जागा नाही?

मलाही ही थापच वाटली असती. पण दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीच्या मामांनी मला शिडाच्या बोटीवर नेलं आणि तेव्हापासून माझे हिवाळ्यातले बरेचसे रविवार गेटवेच्या समोरच्या पाण्यात जातात. मामा जहाजावरून रिटायर झालेले. त्यांची २४ फुटी बोट तिथेच एका बोयाला बांधलेली असते. शीड कसं उभारायचं हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी शिकवलं. पहिला अख्खा दिवस एकाच गोष्टीवर गेला : बोट थांबवायची कशी?

हसू नका. गाडीला ब्रेक असतो, हँडब्रेक असतो. बोटीला यातलं काहीच नाही. खालचं पाणी सतत कुठे ना कुठे निघालेलं असतं आणि मुंबईत तर ते दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. पावसाळ्यात टीव्हीवर ‘आज साडेचार मीटरची भरती’ अशी पट्टी फिरते, ती आठवा. उधाणाच्या दिवशी चार मीटर म्हणजे जवळजवळ दीड मजला पाणी वर येतं आणि सहा तासांत परत जातं. अशा पाण्यात बोट थांबवायचे तीन मार्ग आहेत.

पहिला, नांगर. सगळ्यात जुना आणि दिसायला सगळ्यात सोपा. पण नांगर नुसत्या वजनाने बोट धरून ठेवत नाही, तो तळाच्या चिखलात रुतून धरतो. साखळी आडवी राहिली तरच तो रुततो, वर खेचली गेली तर उपटून येतो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट साखळी सोडायची आणि खोली मोजायची ती भरतीची. समजा ओहोटीला चार मीटर पाणी आहे. भरतीला ते आठ होणार. पाचपट म्हणजे चाळीस मीटर साखळी. आता ओहोटीला पाणी उतरलं आणि प्रवाह फिरला, की बोट त्या नांगराभोवती जवळपास ऐंशी मीटर रुंदीच्या वर्तुळात कुठेही जाऊ शकते. एका छोट्या बोटीला एवढं मैदान!

दुसरा मार्ग म्हणजे मुरिंग. तळाशी काँक्रीटचा जड ठोकळा, त्याला जाड साखळी आणि वर तरंगणारा बोया. आपण यायचं, बोयाचा दोर उचलायचा, बोटीच्या पुढच्या टोकाला अडकवायचा, झालं. साखळी जड आणि आखूड, त्यामुळे वर्तुळ नांगराच्या निम्म्याहूनही कमी. तेवढ्याच पाण्यात कितीतरी जास्त बोटी मावतात. फक्त किनाऱ्यावर जायला लाँच किंवा छोटी डिंगी लागते, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक बोयाला मालक असतो.

तिसरा, धक्का. त्यातही दगडी धक्का असेल तर भरती-ओहोटीप्रमाणे दोर सैल-घट्ट करत बसा, नाहीतर उतरत्या पाण्यात बोट दोरांवर लटकेल. म्हणून मरीनात तरंगते धक्के असतात. ते पाण्याबरोबर वर-खाली होतात, तुम्ही आरामात उतरून कॉफी प्यायला जा.

मुंबईत यातलं काय मिळतं? मरीना नाही. गेटवेच्या पायऱ्यांवर माणसं चढवा-उतरवा, पण तिथे बोट सोडून जायचं नाव काढू नका. घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँचेसची तिथे रांग असते. मुरिंग आहेत, पण ते क्लबांचे आणि त्यांच्या मेंबरांचे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा आहे, म्हणजे गेटवे बांधून पूर्ण झाला (१९२४) त्याच्या पाऊणशे वर्षं आधीपासून इथे हौशी लोक बोटी बांधताहेत. त्यात नौदलाचा भाग वेगळा, न्हावा-शेवाकडे जाणाऱ्या कंटेनर जहाजांचा मार्ग वेगळा, जवाहर द्वीपाला येणारे तेलाचे टँकर वेगळे. शिवाय कोळी बांधवांच्या होड्या आणि जाळी. बाहेरून आलेल्याला उरतं काय? क्लबच्या बोयांच्या पलीकडचं पाणी आणि स्वतःचा नांगर.

गेल्या जानेवारीत अशीच एक पाहुणी बोट आली. साठीचं एक डच जोडपं, ३६ फुटी बोट, घर विकून जगप्रवासाला निघालेले. गोव्याहून वर आले होते. पोर्ट, कस्टम्स, इमिग्रेशन असे सगळे शिक्के झाले (परदेशी बोटीला हे सोपस्कार पुढच्या बंदरात पुन्हा करावे लागतात, आणि ते आजोबा त्याची जाडजूड फाइल कौतुकाने दाखवत होते). मामांची त्यांच्याशी रेडिओवर ओळख झाली आणि आम्ही संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला गेलो. मी वही-पेन घेऊनच गेले होते, इंटरव्ह्यू करायचा होता.

इंटरव्ह्यू राहिला बाजूला. सूर्य मावळला आणि पाणी फिरलं. बोयाला बांधलेल्या बोटी एकेक करत तोंड वळवू लागल्या. पाहुणी बोट मात्र लांब साखळीवर, त्यामुळे ती मोठा फेरा घेत आली. शेजारी बोयाला एक देखणी लाकडी बोट उभी होती. अंतर तीस मीटर, मग वीस, मग पंधरा... तेवढ्यात एक लाँच जोरात गेली आणि तिच्या लाटांनी आमच्या हातातले कप आडवे झाले. बाजूने घरी निघालेल्या मचव्यावरून एक तांडेल काका ओरडले, “ओ मामा, साखळी आवरा त्यांची! पाहुण्यांना सांगा, हितं एवढी सोडून नाय चालत!”

मामांनी इंजिन सुरू करायला सांगितलं. आजी सुकाणूवर, आजोबा आणि मी नाळेवर साखळी ओढायला. वर आली ती चिखलाने माखून, माझा नवा कुर्ता कायमचा काळा झाला. पण नांगर उचलल्यावर जायचं कुठे? अंधारात पुन्हा टाकायचा तर तोच प्रश्न. साखळी आखूड ठेवली तर भरतीला नांगर सुटणार, लांब ठेवली तर कुणाला तरी धडकणार. दोन्हीकडून मरण!

मामांनी फोन लावला. त्यांच्या एका मित्राची बोट दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर चढवली होती, बोया रिकामा होता. “ठोकळा दहा टनी बोट धरेल का रे?” हा पहिला प्रश्न. दुसऱ्याच्या बोयावर आंधळेपणाने बोट बांधायची नसते. खालची साखळी किती झिजली आहे, हे वरून दिसत नाही. मित्राने ‘हो’ म्हटलं, ‘आठवडाभर राहू देत’ म्हटलं आणि विषय संपला. बोट बांधल्यावर आजोबांनी पाकीट काढून विचारलं, पैसे कुणाला द्यायचे? मामा म्हणाले, “कुणालाच नाही. मित्र आहे माझा.”

मला तेव्हा मुंबईचा अभिमान वाटला. टिपिकल मुंबई स्पिरिट वगैरे! पण आजींनी घरी परतताना एक साधा प्रश्न विचारला, तो डोक्यातून जाईना. “तुमचे मामा भेटले नसते तर?”

खरंच, तर काय? आपल्या शहरात सगळं ओळखीवर चालतं. फ्लॅट ओळखीने, गॅस कनेक्शन ओळखीने, हॉस्पिटलचा बेडही ओळखीने. ओळख असेल त्याला मुंबई दिलदार आहे. नसेल त्याने लांब साखळीवर रात्रभर जागं राहायचं.

इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइट बेटावर काउज नावाचं गाव आहे. तिथे १८२६ पासून शर्यती होतात आणि त्या आठवड्यात मेडिना नदीत बोटींची नुसती जत्रा भरते. मुंबई हार्बरपुढे ती नदी म्हणजे नालाच. पण तिथे पाहुण्यांसाठी वेगळे बोये आहेत, मरीना आहे आणि नदीच्या मधोमध तरंगते धक्केही आहेत, ज्यांना किनाऱ्याशी जोडणारा पूलच नाही. उतरायला वॉटर टॅक्सी बोलवायची. गर्दी झाली की एका बोटीला दुसरी, दुसरीला तिसरी बांधतात आणि किनाऱ्यावर जायला शेजाऱ्याच्या डेकवरून अनवाणी, आवाज न करता जायचं असा शिरस्ता आहे. जागा कमी आहेच. पण कुठे बांधायचं, किती द्यायचे आणि कुणाला विचारायचं, हे परक्या माणसाला कळतं.

मग आपल्याकडेही मरीना बांधा की, असं तुम्ही म्हणाल. कोचीला बोळगट्टी बेटावर २०१० मध्ये झाली. मुंबईच्या मरीनाच्या घोषणा मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. पण मरीना म्हणजे किनारा अडवणं आलं. गोव्यात झुआरीच्या काठी नावशीला मरीनाचा प्रस्ताव आला तेव्हा स्थानिक मच्छीमारांनी कडाडून विरोध केला आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. रिकामं दिसणारं पाणी रिकामं नसतं. तिथे कुणाची जाळी असतात, कुणाची होडी, कुणाचं पोट. परत मरीनात जागा कुणाला परवडणार? ज्यांना आजही ओळखीची अडचण नाही त्यांनाच.

मला त्यापेक्षा खूपच छोटी गोष्ट हवीये. दहा बोये. वेगळ्या रंगाचे, ‘पाहुणा’ असं लिहिलेले, दरवर्षी साखळी तपासलेले, कितव्या टनापर्यंत चालतील ते वर रंगवलेले. एका रात्रीचं रीतसर भाडं आणि रेडिओवर उत्तर देणारा एक माणूस. जागा ठरवताना मामांसारख्यांबरोबर त्या तांडेल काकांनाही विचारा, कारण इथलं पाणी त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. पावसाळ्यात हौशी बोटी काठावर चढतात आणि गेटवे-मांडवा लाँचही बंद असते, तेव्हा बोये काढून ठेवा. दहा बोये दहा नांगरांपेक्षा कमी जागा खातील, म्हणजे कोळ्यांचंही नुकसान नाही.

आणि हे फक्त गोऱ्या पाहुण्यांचे लाड आहेत असं समजू नका. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला ‘म्हादेई’ घेऊन मुंबईतून एकटे निघाले आणि १९ मे २०१० ला पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. वाटेत त्यांनी चार मुक्काम केले : फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन. या चारही बंदरांत आपला मराठी माणूस पाहुणा होता आणि बोट कुठे बांधायची हा प्रश्न त्यांनाही पडलाच असेल.

पुढच्या वेळी गेटवेला भेळ खायला गेलात तर ताजकडे पाठ करून दोन मिनिटं पाण्याकडे बघा. बोयांवरच्या सगळ्या बोटींची तोंडं एकाच दिशेला दिसतील, ती पाणी कुठून येतंय ते सांगतात. त्यांच्या पलीकडे एखादी एकटीच, मोठा फेरा घेत उशिरा वळताना दिसली, तर ती बहुधा पाहुणी असेल. आणि तिच्यावर कुणीतरी जागं असेल.