हयातीचा दाखला

२ नोव्हेंबर
वाचनगटात 'नाइन्टीन एटी-फोर' संपवलं. माणसावर नजर ठेवणाऱ्या टेलिस्क्रीनचं मुलांना काही वाटलं नाही. एक जण म्हणाला, मॅडम, त्यांच्या भिंतीवर होता, आमच्या खिशात आहे. सगळे हसले. मला हसता आलं नाही.
मुलं थांबली ती वेगळ्याच जागी. नायक विन्स्टन चोरून वही घेतो, वर तारीख टाकतो, ४ एप्रिल १९८४, आणि आज खरंच तेच साल आहे का, याचीच त्याला खात्री नसते. सगळ्या नोंदी सरकारच्या हातात. माणसाकडे स्वतःची तारीखसुद्धा नाही.
लेखक ऑर्वेलचा जन्म बिहारमधल्या मोतीहारीचा, १९०३. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात. तो स्वतः ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी. सत्तेचं टेबल त्याने अलीकडच्या बाजूने बघितलं होतं. हे मुलांना सांगितलं.

३ नोव्हेंबर
शेजारच्या अक्कांची पेन्शन आलेली नाही.

४ नोव्हेंबर
सकाळी अक्कांकडे. पासबुकात पेन्शनची शेवटची नोंद ऑगस्टची. मग कळलं. हयातीचा दाखला गेलेला नाही. गेल्या वर्षी नातवाने काढून दिला होता, तो आता पुण्याला.
महिन्याचे हजार रुपये. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून विड्या वळल्या, त्याचे. डोळ्यांचे थेंब, गॅसमधला वाटा, भिशीचे शंभर, सगळं त्यातच.
उद्या घेऊन जाते म्हटलं.

५ नोव्हेंबर
त्रिपुरी पौर्णिमा. दाखल्याच्या केंद्रावर गर्दी.
काळं छोटं यंत्र, काचेखाली लाल दिवा. अक्कांनी उजवा अंगठा ठेवला. नाही. डावा. नाही. तिथल्या मुलाने ओलं फडकं दिलं, पुसून पुन्हा. मग एकेक बोट. प्रत्येक वेळी तोच इंग्रजी संदेश. मागून कुणी म्हणालं, थोडं तेल लावा. कुणी म्हणालं, लिंबू चोळा. अक्का म्हणतील ते करत होत्या. मान खाली.
मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. बोटांची टोकं गुळगुळीत, चकचकीत. तेंदूचं पान भिजवायचं, मापाने कापायचं, चिमूटभर तंबाखू ठेवून अंगठ्याने गुंडाळायचं, टोक नखाने दुमडायचं, दोरा बांधायचा. दिवसाला हजार. सूप मांडीवर, पाठ भिंतीला. अक्का म्हणाल्या, "रेघा सगळ्या विडीत गेल्या की बाई."
मुलगा चांगला होता. बराच वेळ दिला त्याने. शेवटी म्हणाला, सिस्टीम घेत नाही, मी काय करू. मग कोण करेल, असं विचारलं. ते त्यालाही माहीत नव्हतं.

६ नोव्हेंबर
झोप नाही. फॉर्स्टरची 'द मशीन स्टॉप्स' काढून बसले. १९०९ ची कथा. रेडिओसुद्धा घरात आला नव्हता तेव्हाची.
माणसं जमिनीखाली राहतात, प्रत्येक जण एकेका खोलीत. बटण दाबलं की अन्न, बटण दाबलं की अंथरूण, बटण दाबलं की पडद्यावर माणूस. वाष्टी नावाची आई. तिचा मुलगा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. तो म्हणतो, प्रत्यक्ष ये. तिला प्रवासाचीच किळस येते.
यातलं बहुतेक सगळं खरं झालं, असं लोक नेहमी सांगतात. मला आज दिसलं ते पुढचं. यंत्र बिघडायला लागतं. आधी संगीतात खरखर. वाष्टी दुरुस्ती समितीकडे तक्रार करते. लवकरच लक्ष घातलं जाईल, असं उत्तर येतं. मग फळांना बुरशीचा वास, आंघोळीच्या पाण्याला दुर्गंधी. तेच उत्तर. लोक चिडतात, आणि मग सवय होते. खरखर संगीताचाच भाग वाटायला लागते. एक दिवस अंथरुणं येईनाशी होतात, तेव्हा कळतं की दुरुस्तीचं यंत्रच नादुरुस्त आहे.
या कथेत दुष्ट कुणीच नाही. हुकूमशहा नाही, पोलीस नाही. तक्रार घ्यायला जागा आहे, आणि तिथे माणूस नाही. ऑर्वेलपेक्षा ही कथा मला जास्त जवळची वाटते आहे.

७ नोव्हेंबर
अक्का विचारत होत्या, दाखला नाही म्हणजे तिकडे मी मेले असं लिहिलंय का.

९ नोव्हेंबर
गटात फॉर्स्टर. देवासच्या थोरल्या पातीच्या पवार महाराजांकडे तो १९२१ साली खासगी सचिव होता, हे ऐकून मुलं चमकली. मराठी दरबारातली गोकुळाष्टमी त्याने डोळ्यांनी बघितली, त्यावर पुढे पुस्तक लिहिलं.
अक्कांचं सांगितलं. नाव न घेता.
स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा उसळून बोलला. मॅडम, आमच्या गावात मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचललं जायचं. अंगठा आला तेव्हा थांबलं. तुम्ही फक्त एक बाजू सांगताय.
त्याचं म्हणणं खोटं नाही. बोगस कार्डं होती, दुकानदार मापात मारत होते, गरिबाचं गरिबाला मिळत नव्हतं. यंत्र आलं ते या रागातून आलं. तो राग खरा होता.
पण २०१८ साली आधार प्राधिकरणाच्या प्रमुखांनीच सर्वोच्च न्यायालयात आकडा दिला होता: सरकारी सेवांमध्ये पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण ८८ टक्के. उरलेले १२ कोण? चोर नव्हेत. हातांनी काम केलेले, म्हातारे, कुष्ठरोगी. मी हे म्हटल्यावर मुलगा गप्प झाला, पण त्याला पटलं असं नाही. बरं झालं. त्याने पुढच्या वेळीही भांडावं.

१० नोव्हेंबर
तपासणीच्या वह्या. रात्री अशाच यंत्रांवरची जुनी टिपणं चाळली.
ऑस्ट्रेलिया, रोबोडेट. संगणकाने लोकांचं वर्षाचं उत्पन्न घेतलं, पंधरवड्यांत सारखं वाटलं, आणि ज्यांचा हिशेब जुळला नाही त्यांना सरकारी देणं लावलं. हंगामी काम करणाऱ्याचं उत्पन्न दर पंधरवड्याला सारखं कसं असेल? चूक नाही हे माणसाने सिद्ध करायचं, अनेक वर्षांपूर्वीच्या पगारपत्रकांसह. चार लाखांहून जास्त माणसं. २०२३ साली शाही आयोगाने ती योजना क्रूर आणि बेकायदा ठरवली. तोवर काहींनी जीव दिला होता.
नेदरलँड्स. मुलांच्या पाळणाघराच्या अनुदानात हजारो पालक फसवे ठरवले गेले. दुहेरी नागरिकत्व असलं की संशय जास्त. जानेवारी २०२१ मध्ये अख्खं मंत्रिमंडळ पायउतार झालं.
ब्रिटन. टपाल खात्याच्या होरायझन प्रणालीने हिशेबात तूट दाखवली आणि नऊशेहून अधिक माणसं दोषी ठरली. गावातली साधी टपाल दुकानं चालवणारी माणसं. संगणक बरोबरच चालतो, हे न्यायालय गृहीत धरत होतं. या एका गृहीतकाने माणसं तुरुंगात गेली.
श्रीमंत देश, शिकलेले अधिकारी, जागी वर्तमानपत्रं. तरी वर्षानुवर्षं कुणी ऐकलं नाही.

१२ नोव्हेंबर
संध्याकाळी मोबाइलवर चेहऱ्याने प्रयत्न. गोलात चेहरा आणा. डोळ्यांची उघडझाप करा. अक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, प्रकाश आला की पापणी मिटूनच राहते. पुन्हा उघडझाप करा. ट्यूबलाइट कमी पडते म्हणून सूनबाईंनी बॅटरी धरली, तर डोळ्यांत पाणी.
अक्का म्हणाल्या, राहू दे. मला ते "राहू दे" सहन झालं नाही.

१३ नोव्हेंबर
काही लिहवत नाही.

१६ नोव्हेंबर
झाम्यातिनची 'वुई'. १९२०-२१ मध्ये लिहिलेली, रशियात छापून यायला १९८८ उजाडलं. तो जहाजं बांधणारा इंजिनिअर. इंग्लंडमध्ये राहून रशियासाठी बर्फ फोडणाऱ्या बोटी बांधून घेतल्या. यंत्राचा द्वेष करणारा माणूस नव्हे हा. म्हणूनच त्याचं ऐकावंसं वाटतं.
काचेची घरं, नावांऐवजी क्रमांक, दिवसाचं एकच सरकारी वेळापत्रक, सगळ्यांचा घास एकाच क्षणी. नायक डी-५०३ त्यात सुखी आहे. मुलींना हेच सगळ्यात भयंकर वाटलं, की तो सुखी आहे.
एकीने विचारलं, आपल्याकडे पहिला आधार क्रमांक कुठे दिला? सांगितलं: नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली, २९ सप्टेंबर २०१०. आदिवासी गाव. तिथल्या बाईला बारा आकडे मिळाले तेव्हा मोठमोठे पाहुणे आले होते. क्रमांक वाईट असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे कुठलाच कागद नव्हता त्याला तो हवा होता. माझा प्रश्न क्रमांक चालला नाही तर पुढे काय, एवढाच.

१८ नोव्हेंबर
कामाला येणाऱ्या ताई दोन रात्री जागल्या. लाडकी बहीण योजनेची केवायसी. ओटीपी येत नाही. नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागतात. नवरा गेला, वडील त्याच्या आधी गेले. आज मुदत संपायची होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली म्हणे.
अॅटवुडची 'हँडमेड्स टेल' डोक्यात. तिथे एका दिवसात सगळ्या बायकांची खाती गोठतात, पैसा नवऱ्याच्या नाहीतर जवळच्या पुरुषाच्या ताब्यात जातो. बायकांची नावंसुद्धा पुरुषाच्या नावावरून. माणसांनी आधी कुठे ना कुठे केलेलं नाही असं काहीच या पुस्तकात घातलं नाही, असं अॅटवुड सांगते.
ताईंची गोष्ट तेवढी भयंकर नाही, मला कळतं. पण फॉर्ममधला तो रकाना कुणीतरी टेबलावर बसून आखला आणि विधवा त्याच्या मनातही आली नाही.

२१ नोव्हेंबर
भांडणारा मुलगा सकाळी दारात. स्वतःहून. म्हणाला, उन्हात करून बघू. अक्कांना गच्चीवर नेलं. थंडी होती, शाल गुंडाळलेली. त्याने फोन धरला, स्वतः समोर बसला आणि म्हणाला, आजी, माझ्याकडे बघा, मी डोळे मिटतो तसे मिटा. बराच वेळ गेला. झालं. फोनवर दाखल्याचा क्रमांक आला.
अक्कांनी त्याला भाकरी खाल्ल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

२४ नोव्हेंबर
दाखला आहे, पेन्शन नाही. पेन्शनच्या कार्यालयात गेलो. कारकून सभ्य, वयाने माझ्याएवढे. संगणकात बघून म्हणाले, दाखला दिसतोय, पण खातं अजून थांबलेलंच दाखवतंय. मी म्हटलं, बाई तुमच्यासमोर बसलीय. म्हणाले, मला दिसतंय हो. पण इथून सुरू करायचा अधिकार माझ्याकडे नाही. वरून होईल.
कुणाकडून? नाव नाही, पद नाही.
हा माणूस उद्धट असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. त्याने अक्कांना पाणी दिलं.
शेवटी लेखी अर्ज दिला. खाली अक्कांचा अंगठा, शाईचा. काळा गोळा, एकही रेघ नाही. कारकुनांनी शिक्का मारून पोच दिली.

२६ नोव्हेंबर
संविधान दिन. कॉलेजात उद्देशिकेचं वाचन.
मला के. एस. पुट्टास्वामी आठवले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. ऐंशी ओलांडल्यावर, २०१२ मध्ये, आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्याच खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढच्या वर्षी आधार कायदा मात्र बहुमताने टिकला, न्यायमूर्ती चंद्रचूड एकटे विरोधात. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नका, अशी केंद्राची सूचना २०१७ च्या ऑक्टोबरपासून आहे. आहे. रेशन दुकानात ती किती जणांना माहीत आहे?

२७ नोव्हेंबर
पेन्शन नाही.

२८ नोव्हेंबर
झाम्यातिनच्या शेवटाविषयी एक मुलगी येऊन रडली. नायकाच्या मेंदूतून कल्पनाशक्ती काढून टाकतात, आणि मग प्रिय बाईचा छळ तो शांतपणे बघतो. ती म्हणाली, मॅडम, काढून टाकायला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही ना?
नाही लागत. पण परत येते, असंही तिला सांगितलं. गच्चीवर येताना मी बघितली.

३० नोव्हेंबर
गटात आज पुस्तक उघडलंच नाही. माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसलो. गेल्या वर्षभरात दाखल्याअभावी किती जणांची पेन्शन थांबली. त्यांतले किती हयात निघाले. पेन्शन परत सुरू व्हायला सरासरी किती दिवस लागले. थकलेली रक्कम एकदम मिळते की नाही. घरी जाऊन पडताळणी करण्याची सोय कागदावर आहे का, आणि असेल तर किती घरी कुणी गेलं.
वाक्यं मुलींनी पक्की केली. 'कृपया'वरून थोडा वाद, ठेवलं. शेवटचा प्रश्न भांडणाऱ्या मुलाचा, त्याने तो दोनदा खोडून पुन्हा लिहिला: यंत्राने नाकारलेल्या व्यक्तीस प्रत्यक्ष पाहून निर्णय बदलण्याचा अधिकार कोणत्या पदावरील अधिकाऱ्यास आहे, त्या पदाचे नाव व कार्यालयाचा पत्ता द्यावा.
दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर उद्या काढायची. स्पीड पोस्टाने पाठवायचं. उत्तराची मुदत तीस दिवस. अपिलाचा मसुदा आत्ताच करून ठेवू, असं तोच म्हणाला.