शेवरलेटचा गिअर कुठं ठेवायचा?



बेळगावातली जुनी घरं, जुनी दुकानं, जुने मास्तर यांच्यावर इथं बरंच लिहून आलंय. मी आज एका गिअरवर लिहितेय. हसू नका. आमच्या माहेरच्या गाडीचा गिअर स्टेअरिंगवर ठेवायचा की खाली, यावर घरात अडीच महिने वाद चालला. त्या वादात जे घडलं ते आमच्या घराला गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जमलं नव्हतं.

गाडी म्हणजे 1951 ची शेवरोले पिकअप. घरात सगळे 'शेवरलेट'च म्हणत. जनरल मोटर्सचा मुंबईला शिवडीत कारखाना होता, 1928 ला सुरू झालेला. तिथं सुटे भाग जुळवून गाड्या तयार व्हायच्या. 1954 ला तो बंद झाला. आमची गाडी तिथली. आजोबांनी ती गोवा मोकळा झाल्यावर, 1963 ला, जुनी म्हणून घेतली. रताळी, बटाटा, कोबी भरायचा आणि अनमोडच्या घाटानं फोंडा नाहीतर मडगाव गाठायचं, असा धंदा. कागदावर गाडी अर्ध्या टनाची. भरायचे किती, ते विचारू नका.

आजोबांची तीन मुलं. थोरले अण्णा गाडी चालवायचे, मधले तात्या खिडकीकडं बसून क्लीनरपासून हिशेबापर्यंत सगळं बघायचे आणि सगळ्यांत धाकटे माझे बाबा मधे. पुढं एकच लांब सीट, तिघांची. पुढं माझा जन्म झाल्यावर कधीमधी बाबांच्या मांडीवर मी. त्यामुळं त्या गाडीतली मला पहिली आठवते ती गोष्ट म्हणजे डोळ्यांसमोर वरखाली होणारा अण्णांचा डावा हात आणि स्टेअरिंगच्या दांडीला लावलेला तो गिअर. आमच्याकडं त्याला हँडगिअर म्हणतात. अॅम्बेसेडर, पद्मिनी चालवलेल्यांना सांगायला नको.

1988 ला वाटणी झाली. जमीन, घर, विहिरीच्या पाळ्या, तांब्यापितळेची भांडी, सगळं वाटलं. एका बांधावरून अण्णा आणि तात्या यांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. लग्नकार्यात एक आला की दुसरा जेवून गेलेला असायचा. गाडी तेवढी वाटली गेली नाही, कारण तेव्हा ती बंद होती आणि जिथं उभी होती ते खोपट बाबांच्या वाट्याला आलं. 2019 ला बाबा गेले. भाऊ वडोदऱ्याला नोकरीला, म्हणून घराची किल्ली माझ्याकडं.

2022 ला माझ्या मुलानं मनावर घेतलं, "आई, ही गाडी आपण करूया की!" नुसती जुनी तशी उभी करायची नाही, आपल्या सोयीची करायची. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची, ब्रेक चांगले, हौद्याला नवीन फळ्या, रंग मनासारखा. कागद आजोबांच्या नावावर, म्हणजे सगळ्या वारसांच्या सह्या लागणार. मी अण्णांकडं गेले, मग तात्यांकडं गेले. दोघांनी सही केली, आणि दोघांनीही एकच विचारलं, "गिअर कसला ठेवणार आहेस गं?"

आता थोडं गाडीचं सांगते. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांभाळून घ्या.

आमच्या गाडीचा गिअरबॉक्स तीन गिअरचा. हँडगिअर आपल्याकडं ओढून वर केला की रिव्हर्स, खाली केला की पहिला. ओढायचा सोडून वर केला की दुसरा, खाली की तिसरा. दांडीच्या बुडाशी दोन लिव्हर, त्यांतून दोन सळ्या गिअरबॉक्सच्या कुशीला जातात. अमेरिकेत 1938-39 पासून ही तऱ्हा गाड्यांत आली, ती मुळात पायाजवळची जागा मोकळी करून पुढं तिघं बसावेत म्हणून. दोष एवढाच, की सळ्यांचे बूश झिजले की दोन्ही लिव्हर एकदम ओढले जातात आणि गिअर अडकतो. मग बॉनेट उघडून हातानं सरळ करायचा.

खालचा गिअर म्हणजे दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यातून वर येतो. मधे सळ्या नाहीत, बूश नाहीत, बिघडायला फारसं काही नाही. त्या काळी याच गाडीला चार गिअरचा बॉक्सही मिळायचा, त्याचा दांडा खाली. त्याचा पहिला गिअर 7.05 ला एक. आमच्या तीनवाल्याचा पहिला 2.94 ला एक. म्हणजे ओझं भरून चढ चढायला चारवाला राजा. रिकाम्या गाडीला त्याचा पहिला गिअर लागतच नाही, दुसऱ्यावरच उचलायची.

तिसरा पर्याय मुलाचा, ऑटोमॅटिक. पाय दुखत नाही, गावातल्या गर्दीत बरं पडतं, आणि त्याचा दांडासुद्धा स्टेअरिंगवर ठेवता येतो. पण मिस्त्रींनी गाडीखाली शिरून बघितलं आणि मान हलवली. या अर्ध्या टनाच्या शेवरलेटचा मागचा शाफ्ट बंद नळीच्या आत फिरतो आणि ती नळी पुढं गिअरबॉक्सला, मागं अॅक्सलला जोडलेली. आजचा गिअरबॉक्स बसवायचा म्हणजे शाफ्ट बदला, मागचा अॅक्सल बदला, चासीचा आडवा पट्टा कापा. मिस्त्री म्हणाले, "ताई, गिअर बदलने का बोले तो पूरा पीछे का गाडी बदलने का." ऑटोमॅटिक तिथंच मिटलं. उरले दोन. हँडगिअर नाहीतर चारवाला खालचा.

अण्णा म्हणाले, "खालचाच घाल. त्या हँडगिअरनं अनमोडला आमचा जीव घेतला असता." झालं होतं ते असं, की पावसाळ्यातल्या एका रात्री भरल्या गाडीनं चढताना पहिल्याचा दुसरा करायला गेले आणि गिअर अडकला. ना पहिला, ना दुसरा. गाडी मागं सरकायला लागली. अण्णा ब्रेकवर उभे राहिले, बाबांनी उडी मारून चाकामागं दगड लावला आणि तात्यांनी पावसात बॉनेट उघडून लिव्हर सोडवले.

हेच मी तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग सुटला की दोन मिनिटांत! हातानं सुटला. खालचा अडकला असता तर त्या अंधारात गिअरबॉक्स उघडत बसला असता काय तो? हँडगिअरच ठेव. आणि त्याला सांग, घाई करून गिअर ओढला की अडकतोच. चूक गिअरची नव्हती."

हे मी अण्णांना सांगितलं नाही. पण मुलानं सांगितलं. झालं. त्या दिवसापासून मी या घरचा निरोप त्या घरी. "त्याला विचार, पहिल्या गिअरला सिंक्रो नाही हे तरी माहीत आहे काय त्याला? चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर दोनदा क्लच मारायला लागतो." "त्याला सांग, ते मलाच विचारून शिकलाय तो." अण्णा चौऱ्याऐंशीचे, तात्या एकोणऐंशीचे. इतक्या वर्षांत एकमेकांचं नाव न घेतलेली माणसं रोज संध्याकाळी मला फोन करून एकमेकांना टोमणे पाठवायला लागली. मला राग येत होता आणि बरंही वाटत होतं.

शेवटी मिस्त्रींनी तोडगा काढला. चारवाल्या बॉक्सचा दांडा जिथं वर येईल तिथं एक फळी टाकून तिच्यात पाइपचा तुकडा रोवला, वर लाकडी मूठ बसवली. म्हणाले, ज्याला बसायचंय त्याला बोलवा, बसून बघू द्या. ज्यांना अशी गाडी करायची आहे त्यांना माझं हेच सांगणं. चित्र बघून ठरवू नका. दांडा रोवा, दार लावून घ्या, क्लच पूर्ण दाबून सगळे गिअर टाकून बघा. गुडघा कुठं लागतो, मूठ सीटला घासते काय, ते तेव्हाच कळतं.

रविवारी अण्णा आले. काठी खाली ठेवून ड्रायव्हरच्या जागी बसले. हात अगदी सहज मुठीवर गेला. "बघ, कसं सरळ आहे," म्हणाले. तेवढ्यात खोपटाच्या दारात तात्या. मी कुणालाच दुसऱ्याची वेळ सांगितली नव्हती, पण गाव लहान. तात्या आत आले, पलीकडचं दार उघडलं आणि आपल्या खिडकीच्या जागी बसले. कुणी काही बोललं नाही. मधली जागा रिकामी, आणि बरोबर तिच्यासमोर तो पाइप उभा.

अण्णा बराच वेळ त्या पाइपकडं बघत राहिले. मग समोर काचेकडं बघतच म्हणाले, "धाकट्यानं पाय कुठं ठेवले असते रे?"

तात्या म्हणाले, "तेच म्हणतोय मी दोन महिने."

"मग बूश तरी नवीन घालायला सांग तिला. जुने नकोत."

"पितळेचे काढून घेऊया. उद्यमबागेत."

एवढंच बोलणं. मिस्त्रींनी फळी काढली.

बूश उद्यमबागेतल्या एका टर्नरनं काढून दिले. तात्या स्वतः माप घेऊन गेले. बसवताना गिअरबॉक्सकडचे दोन्ही लिव्हर न्यूट्रलला आणले, दांडीच्या बुडाचे दोन्ही एका रेषेत धरले आणि मगच सळ्यांची लांबी जुळवून नट आवळले. एवढं नीट केलं की हँडगिअर लोण्यासारखा चालतो. अजून एकदाही अडकलेला नाही. खालच्या गिअरपेक्षा हाताला थोडा लांबचा वाटतो, हे खरं. चढावर चारवाल्याची सर येत नाही, हेही खरं. पण आता आम्ही रताळी भरत नाही. गिअर गाडीच्या कामावरून ठरवावा म्हणतात. आमच्या गाडीचं काम आता माणसं बसवणं हे आहे.

बांधाचा विषय अजून तसाच आहे. तो कुणी काढत नाही, आणि माझ्या हयातीत मिटेल असंही मला वाटत नाही. दोघं एकमेकांच्या घरी अजून जात नाहीत. पण महिन्यातून एखाद्या रविवारी मुलगा पुण्याहून आला की शेवरलेट बाहेर निघते. मुलगा चालवतो. खिडकीत आलटून पालटून एकदा अण्णा, एकदा तात्या. मधे दुसरा, पाय सरळ पसरून. मी मागं हौद्यात नव्या फळ्यांवर खुर्ची टाकून बसते आणि पुढच्या काचेतून दोन पांढरी डोकी मुलाला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या सूचना देताना बघते.

तुमच्या घरी वाटणीतून सुटलेली अशी एखादी वस्तू आहे काय? असली तर लिहा. आणि मोडीत काढू नका, एवढंच सांगते.