आधी गाडी, मग ट्रेलर

डेट्रॉइट परिसरातले बरेच मराठी लोक माझ्यासारखेच मोटारउद्योगात आहेत. तरीही कॅम्पिंगसाठी ट्रेलर घ्यायचं मनात आलं की प्रश्न ठरलेला असतो: "आमच्या मिनीव्हॅनची टोइंग कपॅसिटी ३,५०० पौंड आहे. मग ३,४०० पौंडांचा ट्रेलर चालेल ना?" मागे ओझं जोडल्यावर गाडी कशी वागते हे तपासणं माझं रोजचं काम असल्यामुळे मी चटकन सांगून टाकतो, "बहुधा नाही." समोरचा खट्टू होतो. म्हणून कारण सविस्तर सांगतो.

टोइंग कपॅसिटीचा आकडा बहुतेक कंपन्या आता एसएई जे२८०७ या प्रमाणकानुसार काढतात. त्यातली गाजलेली चाचणी अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या चढावरची. शंभर अंश फॅरनहाइटचा उन्हाळा, एसी पूर्ण जोरात आणि मागे ट्रेलर, अशा अवस्थेत गाडीनं सुमारे साडेअकरा मैलांचा चढ ठरलेल्या किमान वेगाखाली न येता चढायचा. परीक्षा कडक आहे, पण तिच्यात गाडीत माणसं दोनच धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. मुलं, आजी-आजोबा, कूलर, सायकली हे त्या हिशेबात नाहीत. तुम्ही घ्याल तितकं ओझं त्या आकड्यातून वजा होत जातं.

शिवाय ओढण्याची ताकद ही निम्मीच गोष्ट. ट्रेलरचा काही भार गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, उभा दाबतो, त्याला टंग वेट म्हणतात. भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के भार तिथे यायला हवा. बैलगाडीत सगळी पोती मागे रचली की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तसंच, फक्त इथे वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. धुरेवर भार कमी पडला की ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि वेग वाढेल तसे झोके आवरेनासे होतात. जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या पुढे ठेवा असं आम्ही बजावतो ते याचसाठी.

आता ३,४०० पौंडांच्या ट्रेलरचा हिशेब करू. टंग वेट १२ टक्के धरलं तर ते ४०८ पौंड होतं. ३,५०० पौंडांच्या हिचची उभा भार सोसण्याची मर्यादा साधारण ३५० असते. म्हणजे इथेच गाडं अडलं. त्यातून गाडीच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा तो आकडा १,२०० आहे. चार माणसांचे ६००, सामानाचे १५०, हिचचे ३० आणि टंग वेटचे ४०८ मिळून झाले १,१८८. उरले १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलो. तांदळाची पिशवी घेतली तर डाळ घरी ठेवावी लागेल! अशा गाडीला मी भरलेल्या अवस्थेत २,८०० पौंडांच्या आत राहणारा ट्रेलर सुचवतो. त्याचं टंग वेट ३३६ भरतं आणि दोन्ही मर्यादा पाळल्या जातात.

"भरलेल्या अवस्थेत" हे शब्द अधोरेखित करा. माहितीपत्रकात ठळक छापलेलं असतं ते रिकामं वजन. त्यात पाणी नसतं, सामान नसतं, कित्येकदा बॅटरी आणि डीलरनं नंतर बसवलेल्या गोष्टीही नसतात. वीस गॅलन पाणीच १६७ पौंड भरतं. त्यावर कुकर, पोळपाट-लाटणं, अंथरुणं, खुर्च्या, गॅसचा सिलिंडर. त्या रिकाम्या वजनावर आजवर कुठलंही कुटुंब सहलीला गेलेलं नाही. म्हणून जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे ट्रेलरचं कमाल अनुमत वजन पाहा आणि निवड त्यावरून करा.

वजनाइतकाच समोरचा पृष्ठभाग महत्त्वाचा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ताशी ५५ मैलांवरून ६५ वर गेलात तर तो सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे वजनानं हलका पण भिंतीसारखा उंच ट्रेलर लहान इंजिनाला घाम फोडतो. मिशिगनच्या दोन द्वीपकल्पांना जोडणाऱ्या मॅकिनॅक पुलावर जोराचं वारं असलं की उंच वाहनांवर निर्बंध येतात, ते उगाच नव्हे. दोघांपुरतं हवं असेल तर मागचं झाकण उघडून स्वयंपाक करायचा टिअरड्रॉप उत्तम. मुलं असतील तर छत खाली बसणारा पॉप-अप पाहा.

माझा स्वतःचा कल साच्यातल्या फायबरग्लासच्या ट्रेलरकडे आहे. कॅनडात विनिपेगच्या रे ओलेको यांनी १९६८ मध्ये 'बोलर' आणला. त्याआधी त्यांनी फायबरग्लासची सेप्टिक टाकी बनवली होती! दोन अर्धी कवचं जोडायची, की झालं घर. मिनेसोटातला 'स्कॅम्प' त्याच वंशातला. सांधे कमी, म्हणून गळती कमी. लाकडी सांगाड्याच्या ट्रेलरचा खरा शत्रू पाणीच. छताच्या सांध्यातून ते भिंतीत मुरतं आणि आतलं लाकूड कुजतं. जुना ट्रेलर पाहताना कोपरे आणि खिडक्यांखालची भिंत दाबून बघा. मऊ लागली तर किंमत कितीही उतरली तरी परत फिरा.

ब्रेकमध्ये काटकसर नको. किती वजनाच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे, हे राज्यागणिक बदलतं. कायदा सूट देत असला तरी इलेक्ट्रिक ब्रेक आणि गाडीत त्याचा कंट्रोलर बसवाच. ट्रेलर झोके घेऊ लागला तर स्टिअरिंगशी झटापट करू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, हेही लक्षात असू द्या.

दिवाळीच्या सुमारास इथला हंगाम संपतो, पाइपांत अँटिफ्रीझ भरून ट्रेलर झाकले जातात आणि डीलर चालू वर्षाचा माल काढायच्या घाईत असतात. घासाघीस करायला हे दिवस चांगले. मात्र सौद्याला बसण्यापूर्वी आपल्या गाडीच्या दारावरचं लेबल वाचा, मॅन्युअलमधली टंग वेटची मर्यादा पाहा आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा. ट्रेलर घेतल्यावर पहिल्या सहलीला निघताना सगळं भरून, सगळ्यांना बसवून ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जा. खर्च किरकोळ आहे. काट्यावर आकडा जास्त निघाला तर सामान उतरवा.