जहाज सापडण्याआधी

गुलामांना आणणारं क्लोटिल्डा हे जहाज सापडल्याची बातमी मी दोनदा वाचली. पहिली जानेवारी २०१८ची, ती चुकीची निघाली. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मोबील शहराजवळच्या चिखलात उघडं पडलेलं ते जहाज क्लोटिल्डापेक्षा बरंच मोठं होतं. दुसरी मे २०१९ची. या वेळी मोजमापं जुळली: ८६ फूट लांबी, २३ फूट रुंदी, ओकच्या फासळ्यांवर पाईनच्या फळ्या, एकोणिसाव्या शतकातले लोखंडी खिळे आणि जळाल्याच्या खुणा.

बुडालेली जहाजं ओळखणं हे माझं काम. गाळात प्राणवायू पोचत नाही, म्हणून दीडशे वर्षांनीही लाकूड हाताला लागतं, हे मला माहीत आहे. तरी ती बातमी वाचताना आनंदाइतकीच शरमही वाटली. कारण जे आम्ही २०१९ साली ‘सिद्ध’ केलं, ते नदीकाठच्या आफ्रिकाटाउन नावाच्या वस्तीत आज्या नातवंडांना पिढ्यानपिढ्या सांगत आल्या होत्या.

अमेरिकेत बाहेरून गुलाम आणण्यावर १८०८पासून बंदी होती. ती मोडून दाखवण्याची पैज मोबीलचा धनाढ्य जहाजमालक टिमोथी मीहर याने लावली, असं सांगतात. कप्तान विल्यम फॉस्टर क्लोटिल्डा घेऊन आजच्या बेनिन देशातल्या उइदा बंदरात गेला आणि जुलै १८६०मध्ये सुमारे ११० बाया, पुरुष आणि मुलं घेऊन परतला. माणसं उतरवली आणि जहाज पेटवून दिलं, पुरावाच उरू नये म्हणून. खटला उभा राहिला, शिक्षा कोणालाच झाली नाही. फॉस्टरने पुढे स्वतःच्या हाताने हकीकत लिहून ठेवली, तरीही जहाज दिसत नाही तोवर ही दंतकथाच, असं म्हणणारे विद्वान होतेच.

१८६५ साली ही माणसं मोकळी झाली. त्यांना घरी जायचं होतं, पण समुद्र ओलांडण्याइतके पैसे कुठले? ज्याने आणलं त्या मीहरकडे त्यांनी जमीन मागितली. त्याने नाही म्हटलं. मग लाकडाच्या गिरण्यांत राबून, भाजी विकून, पै-पै साठवून त्यांनी जमीन विकत घेतली, त्यातली काही मीहरकडूनच. चर्च बांधलं, शाळा काढली; तेच हे आफ्रिकाटाउन. आफ्रिका ज्या दिशेला आहे त्या पूर्वेकडे तोंड करून आपले लोक पुरले, असं तिथले लोक सांगतात. ही घरं उभी राहत होती त्याच काळात, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना ती अर्पण केली. ती अर्पणपत्रिका वाचताना आता माझ्या मनात आफ्रिकाटाउनच्या साध्या लाकडी घरांचा विचार येतो. मुक्ती मिळाल्यावर माणसाला आधी लागते ती जमीन, हे जोतीरावांना कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या माणसांपैकी कोसोला, अमेरिकी नाव कजो लुईस, १९३५पर्यंत जगला. लेखिका झोरा नील हर्स्टन १९२७ साली त्याच्या ओसरीवर जाऊन बसली. पीचची फळं नेली, टरबूज नेलं, तो बोलेल तेवढंच ऐकलं. त्याची हकीकत तिने त्याच्याच बोलीत लिहिली. प्रकाशकांना ती प्रमाण इंग्रजीत हवी होती. हर्स्टनने ऐकलं नाही. पुस्तक ‘बॅराकून’ या नावाने २०१८ साली आलं, तोवर तिला जाऊनही ५८ वर्षं झाली होती. बोली अडाणी ठरवली की बोलणाऱ्याची साक्षही हलकी ठरते. मालवणी, अहिराणी बोलणाऱ्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच वस्तीच्या दुसऱ्या साक्षीची दखल तितकी घेतली गेलेली नाही. १९२०च्या दशकाच्या अखेरीस तिथे कागदाचा प्रचंड कारखाना आला, तो मीहर कुटुंबाकडून भाड्याने घेतलेल्या जमिनीवर. नंतर दुसराही आला. रोजगार मिळाला हे खरं. पण वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडायची, हे तिथली म्हातारी माणसं सांगतात. कुठल्या घरात कोण कर्करोगाने गेलं, हेही सांगतात. पुढे मोठा रस्ता वस्तीच्या बाजारपेठेतून काढला, दुकानं गेली. पहिला कारखाना २००० साली बंद पडला. रहिवासी कोर्टात गेले, कंपनीने आरोप नाकारले, प्रकरण तडजोडीने मिटलं.

जहाज निदान गाळात राहिलं. धूर कुठे राहतो? त्या वर्षांतल्या हवेचे आकडे वस्तीच्या हाती नाहीत, आणि आता त्याच लोकांकडे ते मागितले जातात. जे मोजायचं काम त्यांचं नव्हतंच, त्याचा पुरावा त्यांनी आणायचा. हा अन्याय मला जहाज जाळण्याच्या जातकुळीतलाच वाटतो.

२०२३च्या जुलैत आफ्रिकाटाउनमध्ये एक छोटं संग्रहालय उघडलं. क्लोटिल्डाचे काही तुकडे तिथे पाण्यातच ठेवले आहेत, वाळले तर लाकूड फाटेल म्हणून. बाकी जहाज नदीतच आहे.

माझ्या बुड्यांच्या नोंदवहीत खोली, प्रवाह, पाण्याचा गढूळपणा असे रकाने असायचे. आता त्यांच्या आधी एक रकाना आखलेला असतो: गावातले काय सांगतात. मागच्या पावसाआधी किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या रापणकाराने जाळं नेहमी कुठे अडकतं ते वाळूत काठीने काढून दाखवलं. त्याच्या आजोबांचंही तिथेच अडकायचं. तिथे अजून आम्ही उतरलेलो नाही. पण तो रकाना भरून झाला आहे, त्याच्या शब्दांत.